बादलीभर कढत पाणी

डिसेंबरातली पहाट. मानवतजवळच्या गावी मावशीकडे मुक्काम होता आणि परभणीचा पारा त्या आठवड्यात सात-आठ अंशांवर उतरला होता. मला सकाळची पहिली एसटी गाठायची होती, म्हणून अंधारातच उठून मोठं पातेलं भरून गॅसवर चढवलं. चहाचा डबा शोधत होते, तेवढ्यात मावशी मागून आली आणि तिने गॅस बंद केला. रागाने नाही, दिवसाउजेडी चालू राहिलेला दिवा मालवावा इतक्या सहज. "गॅसवर अंगुळीचं पाणी तापवत असतेत का गं कुठं? थांब, चूलच पेटवायलेय मी." मी म्हटलं, अगं मावशी, सिलिंडर भरलेलं आहे, दुसरं पण कोपऱ्यात उभं आहे. "हाय की. म्हणून जाळायचं का?"

एसटीत बसल्यावर, खिडकीची काच नीट लागत नसताना, कानाला रुमाल गुंडाळून मी त्या प्रश्नावरच विचार करत होते. मी संभाजीनगरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. उष्णतेचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर लिहिते : साधी मातीची चूल, कार्यक्षमता 10 ते 15 टक्के, गॅसची शेगडी, 60 च्या पुढे. पोरं वहीत उतरवून घेतात. म्हणजे शंभरातला पंच्याऐंशी-नव्वद टक्के जाळ वाया घालवणारी बाई मला सांगत होती की, तू जाळतेयस. आणि तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता.

चूल पेटेपर्यंत मी तिच्याजवळ बसले होते. पूर्वी रेशनचं घासलेट असायचं, गोवरीच्या तुकड्यावर चमचाभर ओतलं की काम व्हायचं. आता ते येत नाही, म्हणून मावशीने दुधाच्या पिशवीचा तुकडा काडीने पेटवून पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, खाली सरकवला. काळा, घशाला ओरबाडणारा धूर आला. मग पऱ्हाट्यांनी पेट घेतला. चटचट आवाज, टोकाला पिवळी ज्वाळा आणि दुसऱ्या टोकाला, अजून न पेटलेल्या बाजूला, सालीतून फेस आणि वाफ. आदल्या आठवड्यात आभाळ येऊन भुरभुर झाली होती, त्यातली ओल. प्रत्येक काडी आधी स्वतःतलं पाणी उकळवून टाकते आणि मग आपल्या पाण्याकडे बघते. ते ओलेपण घालवायला लागणारी उष्णता हंड्यापर्यंत कधीच पोचत नाही. आणि धूर? धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं सरपणच. लाकूड तापलं की त्याचं पाऊण वजन वायू होऊन बाहेर पडतं. त्याला पुरेशी हवा आणि पुरेसा ताप मिळाला तर त्याचीच ज्वाळा होते. नाही मिळाला तर त्याचा धूर होतो. तीच ज्वाळा हंड्याच्या गार बुडाला टेकली की विझता विझता काजळी सोडते. मावशी फुंकणी घेऊन वाकली, दोन फुंकरा मारल्या, खोकली, पदराने डोळे पुसले आणि परत वाकली. बाकीची उष्णता चुलीच्या तोंडातून माझ्या गुडघ्यांवर, मातीच्या अंगात, हंड्याच्या कडेने वर आणि अंगणातल्या वाऱ्यावर.

त्या गुडघ्यांवरच्या उबेचं काय करायचं, हे मात्र फळ्यावर कधी लिहिलं नव्हतं.

हिशेब सोपा आहे. वीस लिटरची बादली, पाणी अठरा अंशांवरून त्रेचाळीसपर्यंत न्यायचं, म्हणजे 500 किलोकॅलरी. वाळलेल्या पऱ्हाटीत किलोमागे साधारण 4000 किलोकॅलरी असतात. त्यातल्या बारा टक्के पाण्यात उतरल्या असं धरलं तर एका बादलीला एक किलोच्या आसपास सरपण. गॅसमध्ये किलोमागे 11,000 च्या जवळपास, आणि शेगडी पासष्ट टक्के देते असं धरलं तर तीच बादली 70 ग्रॅममध्ये तापते. कुठे एक किलो आणि कुठे 70 ग्रॅम! इथपर्यंत मी जिंकलेली होते. पण मग सवयीने पुढचा भागाकार केला. 14.2 किलोचं सिलिंडर म्हणजे दोनशे बादल्या. मावशीच्या घरात माणसं पाच. रोज पाच बादल्या म्हटलं की अख्खं सिलिंडर चाळीस दिवसांत नुसतं अंघोळीत वाहून जाणार, चहा-भाजी वेगळीच. आणि कापसाचा एकर साधारण टनभर पऱ्हाट्या देतो. टनभर पऱ्हाट्या म्हणजे हजारेक बादल्या, म्हणजे या घराचा पुरता हिवाळा आणि वर आणखी. मावशीने हा भागाकार कागदावर केला नसेल. तो तिला तोंडपाठ आहे.

एसटी पाथरीच्या पुढे गेली तरी हे डोक्यात चालूच.

माझी आजी ज्या घरात राहिली ते माळवदाचं घर होतं. जाडजूड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यावर मातीचा थर, आणि स्वयंपाकाच्या खणात छताला सवणं, म्हणजे उजेडाला आणि धुराला ठेवलेलं भोक. सकाळी त्या सवण्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा खाली यायचा आणि धूर त्या पट्ट्यातून वर चढताना दिसायचा, निळसर. धूर सगळाच वर जायचा नाही. सऱ्या काळ्याभोर, हात लावला तर चिकट. पण त्या सऱ्यांना वाळवी लागली नाही, शिंक्यावरच्या बियाण्याच्या कणसांना किडा लागला नाही. शिवाय थंडीत तो खण घरातला सगळ्यात ऊबदार. पोरंसोरं, बाळंतीण, वासरू, सगळे तिथेच. त्या पंच्याऐंशी टक्क्यांतला काही भाग असा घरातच राहायचा, भिंती तो रात्रभर धरून ठेवायच्या. अर्थात एप्रिल-मेमध्ये हीच ऊब तिथे बसलेल्या बाईच्या अंगावर यायची; आणि आपल्याकडे थंडीचे महिने ते किती! धुराचं म्हणाल तर आजीला शेवटची काही वर्षं धाप लागायची. सगळे म्हणायचे, दमा आहे, घराण्यातच आहे. तिने जन्मात विडी ओढली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की 2020 या एका वर्षात घरातल्या धुराने जगभरात 32 लाख माणसं गेली. आमच्या घराण्यातला दमा फक्त बायकांनाच कसा काय होता, हा प्रश्न कुणाला पडल्याचं आठवत नाही.

मग 1993 चा किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव लांब, भिंतींना चिरा गेल्या तेवढंच. पण जड माळवदाखाली लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं गाडली गेली हे ऐकल्यावर मातीच्या छताखाली झोप कुणाला येणार? ज्याला जमलं त्याने हळूहळू पत्रा टाकला, स्लॅब टाकली. स्लॅबला सवणं नसतं. नव्या खोलीत ओटा आला, ओट्यावर गॅस आला, आणि चूल अंगणात, न्हाणीच्या भिंतीला टेकून. घरातल्या हवेसाठी हे चांगलंच झालं. पण उघड्यावरची चूल जास्त सरपण खाते. वारा ज्वाळा हंड्याखालून ओढून नेतो. मावशीने तिन्ही बाजूंना विटा रचून वर पत्र्याचा तुकडा आडवा ठेवलाय, वाऱ्याची दिशा बदलली की ती तो पत्रा फिरवते.

आजीच्या चुलीला वैल, म्हणजे जोडून असलेली छोटी चूल, होता, हे मला फार उशिरा विशेष वाटायला लागलं. मुख्य चुलीतून मागे जाणारी उष्णता आतल्या भोकातून वैलाकडे वळायची, आणि त्यावर डाळ शिजत राहायची, नाहीतर दूध आटत. वाया जाणारी उष्णता पकडायची ही जुनीच युक्ती. शिवाय आहार, म्हणजे चुलीच्या तोंडाशी ओढलेले निखारे. भाकरीचा एक पदर तव्यावर, आणि मग ती उचलून त्या निखाऱ्यांपुढे उभी करायची. ती फुगायची, तिच्यातून वाफेची बारीक शिट्टी निघायची, कडेला दोन काळे ठिपके पडायचे. चुलीची कार्यक्षमता मोजतात ती भांड्यात पाणी उकळून, किती तापलं आणि किती वाफ होऊन गेलं यावरून. भाकरीला त्या चाचणीत जागाच नाही. एकदा गावात योजनेतून निर्धूर चुली बसवल्या होत्या, सिमेंटच्या धुराड्याच्या. 1980 च्या दशकात देशभर असा कार्यक्रम चालला होता. आजीनेही घेतली. चुलीचं तोंड अरुंद, आहार ओढायला जागाच नाही. भाकरी फुगेना. पुढच्या दिवाळीआधी धुराडं काजळीने तुंबलं आणि तिने कोयत्याच्या पाठीने चुलीचं तोंड फोडून मोठं केलं. कागदावर चूल सुधारितच राहिली असणार.

बंबाची गोष्ट मात्र वेगळी. चुलीत जाळाच्या वर पाणी असतं. बंबात जाळाच्या चहूबाजूंनी. मधून नळकांडं वर जातं आणि धूर जाता जाता त्या नळकांड्याच्या भिंतीतून पाण्याला ताप देऊन जातो. मूठभर बाभळीच्या ढलप्या, दोन गोवऱ्या, आणि घरभर पाणी. मानवतच्या आजोळी तांब्याचा बंब होता, त्याची तोटी इतकी झिजलेली की खाली सतत वाटी ठेवलेली असायची. आतल्या बाजूला आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार बसून पांढरा खडकच झालेला. मामांनी तो मोडीत घातला. तांब्याचे चांगले पैसे आले. त्या पैशात गिझर आला. मला अजूनही वाटतं की अडाणी म्हणून हिणवलेल्या वस्तूंमध्ये बंबाइतकी हुशार वस्तू दुसरी नव्हती.

गिझरवर तर माझा फार विश्वास होता. आत कॉइल पाण्यातच बुडालेली, उष्णता जाणार कुठे? शंभरातले पंच्याण्णव पाण्यातच. पण परळीवरून जाताना एकदा तरी बसची खिडकी उघडून बघावी. औष्णिक केंद्राच्या त्या फुगीर मनोऱ्यांमधून पांढरे ढग निघत असतात. लोकांना तो धूर वाटतो. ती वाफ आहे, आणि ती उष्णता फेकून देण्यासाठीच आहे. कोळसा जाळून वीज करताना शंभरातले तेहतीस-पस्तीसच विजेत उतरतात. बाकीचे धुरांड्यातून आणि या मनोऱ्यांतून आभाळात. मग तारांमधली गळती. माझ्या बादलीची वीज परळीहूनच येते असं नाही, ग्रिडमध्ये गेल्यावर सगळं एकच होतं. पण कोळशापासून मोजलं तर माझा गिझरही तीस टक्क्यांच्या आसपासच येतो. मावशीच्या चुलीची वाफ तिच्या तोंडावर येते, माझी परळीकरांच्या डोक्यावर. आणि ही उष्णता फेकायला पाणी लागतं. खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये परळीचं केंद्र बंद पडलं होतं. त्याच दुष्काळात, 2016 च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. मराठवाड्यात वाया गेलेली उष्णता शेवटी पाण्याच्याच खात्यावर पडते.

सूर्य आहे, हे मला माहीत आहे. आपल्याकडे चौरस मीटरभर जागेवर दिवसाला पाच युनिटांएवढं ऊन पडतं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलरच्या नळ्या आहेत. दर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यात क्षार साचतात आणि माणूस बोलवावा लागतो. मावशीकडेही सोलर आहे म्हणायचं तर आहे : नातवासाठी काळं घमेलं पाणी भरून दुपारी ओट्यावर ठेवते. पण शेतावर जाणाऱ्या माणसाची अंघोळ ऊन वर येण्याआधी होते.

वर्गात मी काउंट रमफर्डचं नाव घेते. तोफांना भोकं पाडताना धातू तापतो हे बघून, उष्णता ही कुठली वस्तू नाही, ती गती आहे, असं त्याने मांडलं. याच रमफर्डने 1790 च्या दशकात इंग्लंडातल्या घरांच्या शेकोट्यांचा अभ्यास केला होता. मोठ्या उघड्या चौकटीत लाकूड-कोळसा पेटलेला असायचा, आणि बहुतेक उष्णता धुराड्यातून वर. वर जाताना ती खोलीतली ऊबदार हवाही ओढून न्यायची आणि तिच्या जागी दारं-खिडक्यांच्या फटीतून गार वारा आत यायचा. त्याने शेगडी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या म्हणजे ऊब खोलीत परावर्तित होईल, आणि धुराड्याचा गळा आवळला. माळेगावच्या जत्रेत मोकळ्या मैदानात पेटवलेल्या शेकोटीपाशी जो बसलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. तोंड भाजतंय, पाठ गारठतेय. मग पाठ फिरवायची. उष्णता सरळ रेषेत येते आणि जिथे अडते तिथेच लागते.

हल्ली हायवेला 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दिसतात. पाटीखाली, गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी, नऊवारी नेसलेली बाई चुलीपुढे बसवलेली असते, आणि आत भटारखान्यात व्यावसायिक सिलिंडरवर रस्सा उकळत असतो. धूर आता मेनूकार्डावर आलाय, त्याचे वीस रुपये जास्त. मलाही तो वास आवडतो, मीही तिथे थांबते. मात्र त्या बाईच्या डोळ्यांकडे बघायचं टाळते.

फेब्रुवारीत परत गेले तेव्हा मावशीच्या घरी पऱ्हाट्यांवरूनच वाद चालू होता. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हापासून कृषी विद्यापीठ सांगतं आहे की फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, बांधावर किंवा घराशेजारी गंज्या लावू नका. राहिलेल्या बोंडांमध्ये अळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर येते. बरोबरच आहे ते. माझ्या मावसभावाला ट्रॅक्टरने पऱ्हाटीचा भुगा करून जमिनीत मिसळायचा होता, खत होतं म्हणून. शिवाय निम्मं रान आता सोयाबीनचं. सोयाबीनचं भुसकट भप्पकन जळतं आणि संपतं, चुलीला त्याचा उपयोग नाही. ज्वारी कमी झाली तशी धसकटंही गेली. उरली ओढ्याकाठची वेडी बाभूळ. तिचा जाळ झकास, पण काटा पायात मोडला तर आठवडाभर घरी बसावं लागतं.

मी मध्ये पडले. मावशीला म्हटलं, तुझं म्हणणं पैशाने बरोबर आहे, पण तुझा वेळ? उपटायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून आणायच्या, फुंकत बसायचं, वर काजळीची भांडी घासायची. त्या वेळेत तू खुरपायला गेलीस तर सिलिंडरचे पैसे निघतील. ती परातीत पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "निघतेत की. पण मजुरीचे पैसे घरात आले की ते घराचे होतेत, बाई. मंग सिलिंडर आणायचं म्हणलं की मागावं लागतंय. कामून एवढ्यात संपलं, म्हणून इच्यारतेत. पऱ्हाटी आणली तर मला कोन इच्यारतंय?"

मावसभाऊ दारात उभा होता. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. थोडा वेळ मोबाइलमध्ये बघत राहिला, मग म्हणाला, "किती तासं ठेवू?" तासं म्हणजे पऱ्हाट्यांच्या ओळी. मावशी म्हणाली, विहिरीकडची दहा. तो म्हणाला दहा लई होतेत, अळी पडते. मग सहावर मिटलं, आणि बोंडं सगळी झाडून जाळायची या अटीवर. संध्याकाळी पऱ्हाट्या उपटायचा चिमटा खांद्यावर टाकून ती विहिरीकडे निघाली, आणि मलाही म्हणाली, चल, मोळी धरायला कुणीतरी पाहिजे.